बअलचे टोमॅटो

पापाकुरा. फेब्रुवारी, शनिवार संध्याकाळ

आत्ताच लिहून टाकते.

शेजारच्या युसुफ अंकलनी महिनाभर टोमॅटोंना पाण्याचा थेंब दिला नव्हता. सुकलेली पानं बघून माझाच जीव कासावीस व्हायचा. आज शेवटी कुंपणावरून पाइप टाकलाच, तर अंकल धावत आले. "नो, नो! हे बअल आहेत!"

बअल म्हणजे? त्यांच्या सीरियातल्या गावी नुसत्या पावसावर येणाऱ्या पिकाला बअल म्हणतात. म्हणजे आपलं कोरडवाहू. मी पाइप बंद केला आणि फोनवर तो शब्द शोधला. त्या मुलखाचा हजारो वर्षांपूर्वीचा वादळाचा देव निघाला! ढगांवर स्वार होणारा, हातात वीज धरणारा. आणि शब्दाचा मूळ अर्थ? मालक. नवरासुद्धा. म्हणजे सरळ धनीच की! गावी बाबांची चाहूल लागली की आई म्हणायची, "आले धनी."

अंकलना हे सांगू की नको? पाच वेळा नमाज पढणारे गृहस्थ, चिडतील असं वाटलं. तरी सांगितलं. ते हसले. "पाऊस अल्लाचा. शब्द आजोबांचा."

तेवढ्यात आभाळ असं कडाडलं की खिडक्या हादरल्या. या बअलची देवळं गेली, पुजारी गेले, आणि हा इथे? जगाच्या पार दक्षिण टोकाला, पापाकुरात? पाऊस नुसता कोसळला. अंकल टोमॅटोंमध्ये उभे राहून भिजत होते. माझ्या हातात अजून तो पाइप. कधी कुठल्या देवापुढे हात न जोडणारी मी, आणि तोंडातून निघून गेलं,

"आले धनी."