मागे घेतलेलं हँडल

३ नोव्हेंबर
आज पुन्हा खांदे भरून आले. मुलचेऱ्याच्या वाटेवरची शाळा, धानाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेला रस्ता. मोटारसायकल नवऱ्याची, सुधाकरची, बसण्याची मांडणीही त्याच्याच सोयीची. मागे कापडाचा गठ्ठा बांधून आठवडी बाजारांत विकायला न्यायचा, म्हणून स्वतः टाकीला चिकटून बसायचा आणि हँडल त्या मानाने पुढे ढकललेलं. गठ्ठा आता खोलीत पडून. मी सीटवर नीट बसले की हात पुरत नाहीत, ओणवी होऊन चालवते. शाळेतले उईके सर म्हणाले, "मॅडम, रेस लावली का कोनासंगं?" हसले मीही.

५ नोव्हेंबर
सुधाकरचा सकाळचा व्यायाम. लकवा झाल्यावर डॉक्टरांनी डाव्या हातासाठी रबरी चेंडू दिला होता. "मी का लेकरू आहो?" म्हणून फेकला. त्याऐवजी अंगणात गाडी स्टँडवर लावायची, मी धरून सीटच्या मधोमध बसवायचं, आणि त्याने क्लच दाबायचा. बोटं क्लचला टेकतात, आवळत नाहीत. कोपर सरळ होत नाही. तरी रोज. उतरताना मान खाली.
हँडल हलवू का, विचारायला हवं. उद्या.

६ नोव्हेंबर
विचारलं नाही. येताना हमीदभाईच्या गॅरेजवर थांबले. बोल्ट ढिले केले, मला सीटवर बसवलं, "बाई, हात ढिले सोडा," म्हणत हँडल माझ्याकडे ओढलं. क्लच-ब्रेकही हाताच्या रेषेत वळवले. घरापर्यंत पाठ ताठ. किती दिवसांनी बाजूची झाडं दिसली.
एक गोष्ट लिहायलाच हवी. बोल्टला पाना लावण्याआधी तो म्हणाला, "जुन्या जागेवर निशान मारून ठेवू का? भाऊ बरे झाले का तिथीच करून देईन."
मी म्हणाले, "राहू द्या."
घाईत होते का? नाही. घाई नव्हती.

७ नोव्हेंबर
सांगणारच होते. त्याला बसवलं, दूध उतू जाईल म्हणून आत आले. तेवढ्यात हाक. आजारपणानंतर असा आवाज ऐकलाच नव्हता. "सुनंदा! ये न वं इकडं!"
डाव्या हाताची बोटं क्लचभोवती आवळलेली. दाबत होता, सोडत होता.
"पाह्य, पुरून राह्यला हात! कोपर मोकळं झालं माहं!"
डोळ्यांत पाणी त्याच्या.
मी म्हणाले, "हो."

९ नोव्हेंबर
शेजारच्या कांताबाईला त्याने बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "भाऊ, आता बायकोले मागं बसवा. लई हिंडली." दोघंही हसली. भात पुन्हा मागून घेतला त्याने. दाढी स्वतः केली.
इतकी वर्षं ही गाडी चालवलेल्या माणसाला कळलं नसेल? की कळून...
बोटांचा दाब खरा आहे. तो हँडलने दिलेला नाही. एवढं मनाला सांगते, आणि ते खोटं नाही. पण हात पुरतो तो माझ्यासाठी जवळ आणलेल्या हँडलवर.
गप्प राहते ते त्याच्यासाठी, असं म्हणते. सांगायला बसले तर खूण मारू दिली नाही, हेही तोंडावर येईल. बरा होणार नाहीस असं मी आधीच धरून चालले होते, हे. तेच टाळते आहे बहुधा.
गुपचूप पुन्हा पुढे करून आणलं तर? मग त्याचा हात एका रात्रीत आखडेल. तेही माझ्या हातून.

१२ नोव्हेंबर
उद्या चामोर्शीचा बाजार. शाळेतून आले तर गठ्ठा पडवीत. एका हाताने ओढत आणलेला. गमछे झटकून, घडी घालून ठेवत होता. उजव्या हाताने घडी, डाव्या हाताने नुसतं धरायचं.
"कुठी जायचं आहे?" मी विचारलं.
"जाऊन नाई राह्यलो. भेऊ नको. सकाळी नुस्ता गाडीवर गठ्ठा बांधून बसतो. माह्या जागेवर."
त्याची जागा म्हणजे टाकीला चिकटून. तिथे बसला की हँडल पोटाशी येईल. मग त्याला आपोआपच कळेल, समजावून सांगायला काही उरणार नाही.
आज सांगायचं तर शब्द जुळवते आहे. "माझे खांदे दुखत होते" इथून सुरुवात केली की सगळं साधं वाटतं. खूण आली की अडते.
दोरी त्याला सापडली. गाठ मात्र एका हाताने बसत नाही.
"घट्ट बांधून देशीन न वं सकाळी?"
हो म्हणाले. पुन्हा हो.