काटेखेडच्या मैदानातले विमान

दिनांक : ९ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, जालना.

विषय : मौजे काटेखेड, ता. जाफराबाद येथील शाळेच्या मैदानातील बोइंग ७०७ विमान हलवून मैदान मुलींना परत मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज. त्यांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर कोणाकडेच नाही.

महोदय,

उपरोक्त विषयी निवेदन करते, की मी काटेखेडच्या माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका असून गावातील मुलींची पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करून घेते. आठशे मीटर धावायला मोकळी जागा लागते. ती आमच्याकडे होती. गेल्या उन्हाळ्यात तिथे विमान आले.

१. सदर विमान कोठल्याशा परदेशी हवाई दलाने बाद केलेले असून सरपंच श्री. कल्याणराव यांच्या व्याह्यांनी ते भंगारात घेतले. ट्रेलरवरून तुकडे आणून मैदानाच्या मधोमध ते पुन्हा जोडण्यात आले व 'उड्डाण पर्यटन केंद्र' अशी पाटी लागली. पाटीवर 'हे विमान युद्धात लढले आहे' असे लिहिले आहे. कोणत्या युद्धात, असे मी विचारले असता सरपंचांनी उत्तर दिले, "म्याडम, लढलं असंल की कुठं तरी. आता आराम करून राह्यलं बिचारं."

२. नवे वाहन दारात आले की त्याची पूजा करायची, हा रिवाज आहे. त्यानुसार हार घातला, लिंबू-मिरची बांधली आणि सरपंचांनी विमानाच्या नाकावर नारळ हाणला. विमानाचे नाक लोखंडाचे नसते, आत रडार बसवायचे म्हणून ते हलक्या पत्र्यासारख्या फायबरचे असते. उन्हात तापून ते आधीच तडकलेले होते. नारळ शाबूत राहिला, नाक फुटले. तेव्हापासून हा अपशकुन समजला जातो आणि शांती झाल्याशिवाय विमान जागचे हलवायला कोणी धजत नाही. शांतीचा मुहूर्त अद्याप निघालेला नाही.

३. मी विमान हलवण्याचा अर्ज केला. एका कार्यालयाने कळवले, की ज्याची पूजा झाली ते वाहन, सबब परिवहन विभागाकडे जावे. तिथे विचारले, की एमएच-२१ चा नंबर कुठे आहे? नंबर नाही, पण ग्रामपंचायतीने विमानाला घर क्रमांक दिलेला असल्याने ते घर ठरले व मला ग्रामपंचायतीकडे परत धाडण्यात आले. ग्रामपंचायत म्हणते, विमान आहे, दिल्लीला लिहा.

४. माझे वडील श्री. कडूबा हिवराळे हवाई दलातून निवृत्त झालेले आहेत. या विमानाबद्दल त्यांच्याकडून ऐकलेले नमूद करणे भाग आहे. मुळात हे प्रवासी विमान. पण जगभरच्या सैन्यांनी त्याचे काय काय केले! ब्राझील, इस्रायल, इराण, ऑस्ट्रेलिया अशा देशांनी त्याच्यातून उडत्या विमानांना इंधन पाजले. अमेरिकेने पाठीवर भले मोठे गोल रडार बसवून त्याला आभाळातला पहारेकरी केला. काहींनी त्यात शत्रूचे बोलणे चोरून ऐकणारी यंत्रे बसवली. फॉकलंडच्या लढाईत अर्जेंटिनाने ते समुद्रावर ब्रिटिश जहाजे हुडकायला पाठवले. आपल्या देशातही ते सरकारी टेहळणीच्या कामी होते, असे वडील सांगतात.

आमच्या गावाने काय केले ते लिहिताना मला किळस येते, तरी लिहिते. पाठीवर रडारच्या जागी वाढदिवसांचे फलक आहेत. पोटात दारूचे खोके आहेत. शेपटाखाली माणसे लघवीला बसतात, चाकांवर गुटख्याच्या पिचकाऱ्या आहेत, आणि उन्हात त्या सगळ्याला जो वास सुटतो त्याने वर्गात डबा खाववत नाही. टेहळणीही आमच्याकडे चालते. पंखावर टारगट पोरे ओळीने बसतात आणि धावणाऱ्या मुलींकडे पाहून जे बोलतात ते मी सरकारी कागदावर लिहू शकत नाही. वडील एकदाच आत जाऊन आले. म्हणाले, "ह्याच्या पोटातून लढाऊ विमानं जगवलीत लोकायनं. आपल्या गावानं तर नुसती घाण भरवली. मी पुन्हा न्हाई जाणार तिकडं." ते खरोखरच पुन्हा गेले नाहीत. शाळेकडचा रस्ताही त्यांनी सोडला.

५. मुलींनीही मैदान सोडले. त्या डांबरी रस्त्यावर धावू लागल्या. मागच्या आठवड्यात संध्याकाळी सरावाच्या वेळी मागून आलेल्या, प्रवासी कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने शीतलला उडवले. शीतल माझ्या सरावातली सगळ्यात वेगवान मुलगी. तिची आई साळूबाई रोजंदारीला जाते, आणि घरात वर्दी येणार म्हणून तिने आधीच भिंतीला खुंटी ठोकून ठेवली आहे. तिच्यासोबत धावणाऱ्या अक्षताने व मी शीतलला उचलून मैदानात आणले, कारण जवळपास टेकायला दुसरा आडोसा नव्हता. तिच्या नडगीचे हाड बाहेर दिसत होते. विमानाला आतून कडी होती. मी दार बडवले. आतून आवाज आला, "आतमंदी कार्यक्रम चालू हाये, मंग या." सरपंचांच्या पुतण्याचा केक कापणे चालू होते. आम्ही तिला त्या लघवीच्या चिखलाशेजारी निजवले आणि रुग्णवाहिकेची वाट पाहिली.

महोदय, हेच विमान काही देशांत जखमी जवानांना घरी आणत असे. आमच्याकडे त्याने एका जखमी मुलीला दार उघडले नाही.

६. शीतलची यंदाची चाचणी हातची गेली. बाकीच्या मुलींची पुढच्या महिन्यात आहे आणि त्या अजूनही रस्त्यावरच धावत आहेत. सबब विनंती, की मुहूर्ताची वाट न पाहता सदर विमान तात्काळ हलवावे. ते शक्य नसल्यास, 'हे विमान जागचे हलू शकत नाही' असे आपल्या सही-शिक्क्यानिशी मला लेखी द्यावे. मी ते विमानाच्या दारावर चिकटवीन आणि मुलींना आतून कडी लावणाऱ्यांची नावे पाठ करायला सांगीन. त्यांतल्या काहीजणी तरी पोलिसात जाणारच आहेत.

आपली नम्र, पण पुरती विटलेली,

(सही)
ज्योत्स्ना कडूबा हिवराळे
क्रीडाशिक्षिका, मु. पो. काटेखेड, ता. जाफराबाद, जि. जालना

सोबत :
१) मैदानाची छायाचित्रे, विमान येण्यापूर्वीची व नंतरची. नंतरची जेवणाआधी पाहू नयेत.
२) विमानाच्या फुटक्या नाकाचा तुकडा. नारळ सरपंचांकडे आहे.
३) शीतलच्या पायाच्या एक्स-रेची प्रत.
४) शीतलचे धावण्याचे बूट, एक जोडी. डाव्यावरचे रक्त धुतलेले नाही. बूट जपून ठेवावेत. मैदान मोकळे झाले की ते न्यायला ती स्वतः आपल्या कार्यालयाचा जिना चढून येणार आहे.