आईच्या कामाचा रकाना

मंगळवार, दिवेलागणीला

ताई सिडनीला बाळंत होणार, म्हणून आईचा व्हिजिटर व्हिसाचा अर्ज आज मी भरून पाठवला. व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ निवडलं. का निवडलं? ‘स्वयंरोजगार’ होतं की तिथं! पण ते निवडलं की खाली कामाचं वर्णन मागत होते, आणि माझा हात थांबला. काय लिहू? की माझी आई लुगडं वर सरकवून बसते आणि उकडलेल्या कोशांचा रेशमी धागा उघड्या मांडीवर वळते?

तिची मांडी तिथं पाटीसारखी गुळगुळीत झाली आहे. शाळेत असताना मैत्रिणी घरी आल्या की मी मधलं दार लोटून घ्यायची. आज मी स्वतः शिक्षिका आहे, त्याच धाग्यावर शिकलेली, आणि आज पुन्हा तेच दार लोटलं.

मघाशी आईनं विचारलं, “माह्या कामाचं काय लिवलं वं?”

“घरीच राहते म्हणून लिहून टाकलं. तसंही गुडघ्यामुळे आता थोडंच काम करतेस तू.”

ती धागा वळता वळता थांबली, लुगडं खाली ओढलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. विणकरानं वळायला दिलेल्या कोशांची टोपली उचलून त्याच मधल्या दाराशी ठेवली.

“उद्या शाळेत जाताना हे विणकराघरी वापस करून देजो. व्हिसावालं कोनी पाहाले आलं, तं तुह्यं लिवलेलं खोटं निंघाले नोको.”