आतली कडी

मंगळवार, ता. ४

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

काल दिवसभर मी तुझ्या भाचीच्या, मुंगीच्या शाळेत, मुलींच्या संडासाच्या बंद दारासमोर फरशीवर मांडी घालून बसलो होतो. हसू नकोस, सगळं नीट सांगतो.

मुंगी शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. भरून दिलेली बाटली भरलेलीच परत येते. तिच्या आईने खोदून विचारलं तेव्हा एवढंच कळलं की तिथल्या दाराला आतून कडी नाही. मी पडलो कुलपं-किल्ल्यांचा माणूस. मोठ्या बाईंना विचारून शनिवारी स्वतः जाऊन कडी बसवली आणि फार मोठं काम केल्यासारखा घरी आलो.

सोमवारी पहिल्या तासाआधीच मुंगी आत गेली, कडी लावली आणि बाहेर येईना. शाळेतून फोन आला. मोठ्या बाईंना घाई होती, दार फोडा म्हणाल्या. फोडायची गरजच नव्हती, बिजागरीचे खिळे काढले की दार हातात आलं असतं. पिशवी उघडली, खिळ्याला हात लावला, आणि आतून कुजबुज ऐकू आली. एक, दोन, तीन, चार. ती मोजत होती. काय, ते कळेना. हल्ली दुकानातही मी कानस चालवायला लागलो की ती असंच मोजते, तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं.

माझा हात पुढे जाईना. मी दार उघडणार नाही, तू उघडशील तेव्हा उघड, असं तिला सांगितलं आणि मनात देवाचं नाव घेत बसून राहिलो. शाळा सुटली, पोरींचा गलका फाटकाबाहेर गेला, तेव्हा कडी सरकली. तिने माझं बोट धरलं आणि कडी छान बसली आहे, असं म्हणाली.

रात्री मला धड झोप लागली नाही. तिला शाळेतून काढून घरीच शिकवावं असं मनात येतं. मला वेड लागलं आहे का, ते तू सांग. तुझ्याइतकी शाळा आपल्यात कोणी पाहिलेली नाही.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझा भाऊ

---

शुक्रवार, ता. ७

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

वेड लागलेलं नाही, घाबरला आहेस. घाबरलेल्या माणसाने मोठे निर्णय घेऊ नयेत.

तू शिकवणार म्हणजे काय करणार? अपूर्णांक आले की तू नाक शिंकरायला बाहेर जायचास, माझ्यासमोरची गोष्ट आहे. पोरीची आई दिवसभर इस्पितळात नोकरीला, तू दुकानात. उद्या तू आजारी पडलास तर? आणि मैत्रिणी कुठून आणशील, त्या काही किल्ल्यांसारख्या घासून बनवता येत नाहीत. मी आयुष्यभर वर्ग सांभाळले. मुलं एकमेकांत घासली जातात, रडतात आणि मोठी होतात.

खरी भीती मला वेगळीच आहे. तुला कडी लावण्याखेरीज दुसरा इलाज सुचत नाही. शाळेत संडासाला लावलीस, आता घराला लावशील. पोर आतच राहील, फक्त खोली मोठी होईल. आधी वर्गात काय चाललं आहे ते बघ. ती मोजते काय, ते शोध.

अक्षर लागत नसेल तर चष्मा बदल, मला दोष देऊ नकोस.

माया आहे म्हणून बोलते.
ताई

---

बुधवार, ता. १२

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

शोधलं. आता वाटतं, नसतं शोधलं तर बरं होतं.

मुंगी सावकाश वाचते, हे तुला माहीत आहे. जोडाक्षर आलं की थांबते. वर्गात तिची वाचायची पाळी आली आणि ती अडली की सगळा वर्ग मोठ्याने आकडे म्हणतो, शब्द सुटेपर्यंत. वर्गाच्या बाईंनीच हा खेळ काढला आहे. बाई वाईट नाहीत गं, तरुण आहेत. हसतखेळत वेग वाढतो, तिलाही सवय होईल, असं त्या मला मनापासून सांगत होत्या. मी हात जोडले तेव्हा लगेच बंद करते म्हणाल्या, आणि केलंही.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी उभा राहिलो. मुंगी वाचायला उठली, दुसऱ्याच ओळीत अडली. आकडे कोणी म्हटले नाहीत. आणि बाकांवर मुलांची बोटं एकेक करून उघडत होती, आवाज न करता. बाई फळ्याकडे वळलेल्या होत्या.

आता ती झोपेतही मोजते. तिची आई म्हणते, काय ते लवकर ठरव, मला इस्पितळात दुसऱ्यांच्या मुलांना हात लावताना मुंगीच दिसते. मला दोन्हीकडून भीती वाटते. ठेवली तर पोर मिटत जाईल. काढली तर माझ्या अर्धवट शिक्षणापायी तिचं नुकसान होईल. घराला कडी लावशील, हे तुझं वाक्य मला रुतून बसलं आहे.

उत्तर लवकर दे. तुझ्या आशीर्वादावर बसलो आहे.
तुझा भाऊ

---

शनिवार, ता. १५

चि. भाऊस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बोटांचं वाचून मी पुढचा स्वयंपाक केलाच नाही.

तरी एक पाहा. ती तुझ्यापाशी वाचतानाही मोजते का? तिथेही मोजत असेल तर आकडे शाळेत राहिलेले नाहीत, पोरीच्या आत गेले आहेत. मग दाखला काढून काय उपयोग? हे पत्रच तिच्याकडून वाचून घे.

काय दिसेल ते खरं लिही, मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.
ताई

---

गुरुवार, ता. २०

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

खरं तेच लिहितो. मंगळवारी संध्याकाळी दुकानात तिच्या हातात तुझं पत्र दिलं. ती मोजत होती. प्रत्येक अवघड शब्दाआधी ओठ हलत होते. एक गिऱ्हाईक कुलूप घेऊन उभं होतं, त्याने घड्याळ पाहिलं आणि ती थांबलीच. तुझं म्हणणं खरं ठरलं, असं वाटलं.

कागद माझ्या हाती घेतला. पुढचं मी वाचतो म्हटलं आणि तुझ्या त्या अक्षरात दुसऱ्याच ओळीला अडलो. चष्मा पुसला, तरी लागेना. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ओठ मिटलेले, हात मांडीवर. तशीच वाट पाहत राहिली, ताई. माझ्यासाठी ती मोजत नव्हती. शब्द सुटल्यावर तिने नुसती मान हलवली, जणू घाई कसली नव्हतीच. मग माठापाशी गेली आणि न सांगता भांडंभर पाणी प्यायली.

जिथे कोणी मोजत नाही तिथे तिचे आकडे सुटतील, म्हणून ठरवलं. शिकणं दुकानातच होईल, रस्त्याकडचं दार दिवसभर उघडं ठेवून. येणारे-जाणारे तिच्याशी बोलतील. अपूर्णांकांसाठी तू सुट्टीत येऊन राहा. मी नाक शिंकरायला जाणार नाही.

भीती गेलेली नाही. सकाळी देवापुढे बसलो तेव्हाही ती होतीच. तरी आज शाळेतली ती कडी काढली आणि आतून लागणारी, पण अडचणीला बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी दुसरी बसवली, इतर पोरींसाठी. मग मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो, सही केली आणि मुंगीचा दाखला घेऊन घरी आलो.

तुझा भाऊ