दादाच्या घड्याळाचे जुने नाव

गेल्या गुरुवारी सकाळी प्रार्थना आटोपून, चहा न घेताच, पहिली बस पकडून मी थोरल्या भावाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानी गेलो. नऊ वर्षांनी. तिथे काय झाले ते कलम चारमध्ये येईल. त्याआधी लिहून देतो की मी, वय एकोणपन्नास, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना ही माझी शेवटची इच्छा नोंदवीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. पण वरून बोलावणे आले की तारीख पुढे ढकलून मिळत नाही.

कलम एक. राहते घर पत्नीला. प्रत्येक खोलीत वेगळ्या देशाची वेळ दाखवणारी घड्याळे तिने कुरकुर न करता सोसली. (हा मसुदा घरी लिहिताना ती मागे उभी राहून वाचते आहे. 'कुरकुर न करता' हे शब्द तिच्या सांगण्यावरून रद्द समजावेत.)

कलम दोन. बँकेतली ठेव मुलीला. प्रार्थनेचे पुस्तकही तिलाच. वाचलेच पाहिजे अशी अट नाही, फक्त रद्दीत देऊ नये.

कलम तीन. कोणत्या प्रदेशात केव्हा किती वाजले मानायचे, या नियमांची संगणकातली फाइल मी वीस वर्षे सांभाळतो. जगभरची यंत्रे तिच्यावरून वेळ लावतात. ती माझ्या मालकीची नाही, पण तिची काळजी मी सहकारी कात्रीबाईंवर सोपवतो. प्रदेशांची नावे बदलतात, आणि जुनी यंत्रे अडू नयेत म्हणून जुनी नावेही आम्ही फाइलीत ठेवतो. बाई ती एकेक छाटत आल्या, म्हणून हे टोपणनाव. आपल्याच प्रदेशाच्या एका जुन्या नावापाशी मी आडवा आलो.

"सर, हे आता कुणी विचारत नाही."

"एक घड्याळ विचारतं."

"मग त्याला नवीन नाव सांगा की!"

"तिथे जावं लागेल."

"लांब आहे का फार?"

"बसने चाळीस मिनिटं."

कलम चार. ते घड्याळ दादाच्या दुकानावरचे. त्याला वेळ पुरवणारा डबा मीच बसवला आणि त्यात ते जुने नाव मीच लिहिले. फाइलीत ते नाव सापडले नाही तर डबा तक्रार करत नाही, मुकाट्याने परक्या देशाची वेळ धरतो. आणि दादाच्या ठोक्यांवर समोरची शाळा भरते. नऊ वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांदेखत मी म्हणालो, "दादा, तुझं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे." तो म्हणाला, "तू जगाची घड्याळं लाव. इथे पाऊल ठेवू नकोस." घरी पोचताच कळले, माझे मनगटी घड्याळच पुढे होते. पण तोंड दाखवायची लाज वाटली, आणि त्या लाजेपायी सगळ्या जगाच्या फाइलीत ते नाव ठेवून घेतले. लोकांना मी याला सावधगिरी म्हणत आलो. देवाला तसे सांगता आले नाही.

गुरुवारी दारातूनच म्हणालो, "दादा, त्या दिवशी माझंच घड्याळ पुढे होतं."

डोळ्यावरचे भिंग न काढता तो म्हणाला, "दोन मिनिटांची चूक कबूल करायला नऊ वर्षं? आत ये. शिडी धर."

डब्यात नवे नाव लिहिले.

कलम पाच. दादाला काहीही नाही. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. दादा म्हणतो, "तुझं मनगटी घड्याळ फुकट दिलंस तरी नको."

जुने नाव आज दादाशेजारी बसून मी स्वतःच्या हाताने फाइलीतून काढले आणि नवी फाइल डब्यात भरली. मग दोघे वर बघत राहिलो. दहाचे ठोके दहाला पडले. शाळा भरली.

सही: घड्याळांची फाइल सांभाळणारा, धाकटा भाऊ
साक्षीदार: १. थोरला भाऊ, घड्याळजी. २. समोरच्या शाळेचे शिपाई
ठिकाण: दादाचे दुकान
तारीख: सोमवार, १० मार्च २०२५, सकाळी दहा वाजून दोन मिनिटे, दादाच्या घड्याळाप्रमाणे