माधवमामांचा लेख म्युनिकला पोहोचला

तीर्थस्वरूप माधवमामांस,

टोकियोतल्या निशी-कसाईहून कौमुदीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरता ना, की अजून सोसायटीतल्या लोकांना दाखवायला तसेच चढता? मामींना गोळ्या वेळेवर घ्यायला सांगा (तुम्ही सांगितलंत तर घेणार नाहीत, माझं नाव सांगा). आम्ही तिघं खुशाल आहोत. म्हणजे स्वप्निल आणि अक्षया खुशाल आहेत. मी मंगळवारी ऑफिसात जी खुर्चीत बसले ती मनाने अजून उठलेली नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. चष्मा लावून वाचा आणि मध्येच मामींना वाचून दाखवू नका.

मी इचिकावाच्या ज्या छोट्या कंपनीत काम करते ती स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या बिजागऱ्या, कड्या असलं सामान बनवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. अकरा सालच्या भूकंपानंतर इथे घरोघरी कपाटं भिंतीला जखडली गेली, पण उघड्या फळीवरच्या बरण्यांचा विचार कोणी केला नव्हता. तो मी केला, कारण मामींनी पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी एका साध्याशा हादऱ्यात खाली आली आणि मी अख्खी संध्याकाळ तेल पुसत बसले. पुसता पुसता सुचलं, की फळीखाली एका छोट्या वाटीत लोखंडी गोटी ठेवावी. फळी हलली की गोटी वाटीतून निसटेल, आणि ती निसटली की बरण्यांच्या पुढे एक पट्टी वर उठेल. आमचे साहेब मोरिता-सान यांनी ते करून पाहिलं, जपानात पेटंटचा अर्ज केला आणि संशोधक म्हणून पहिलं नाव माझं घातलं. माझं, म्हणजे तासावर पगार घेणाऱ्या बाईचं. (इथे अशा कामाला बाइतो म्हणतात आणि म्हणताना जरा खालच्या पट्टीत म्हणतात.) पुढे इटलीतला एक स्वयंपाकघरवाला ते घ्यायला तयार झाला, कारण धरणी तिकडेही हलते. त्याची अट एकच, युरोपचं पेटंट हवं. मोरिता-सान म्हणाले, ते मिळालं की तुम्हाला कायम करतो. मामा, चव्वेचाळिसाव्या वर्षी, माझ्या असल्या मोडक्या जपानीवर, या देशात कायमची नोकरी म्हणजे काय ते तुम्ही बँकेत पस्तीस वर्षं काढलीत, तुम्हाला सांगायला नको.

आता युरोपचं ऐका, म्हणजे मला पहिला धक्का कुठे बसला ते कळेल. मला वाटायचं, एक अर्ज, एक शिक्का, झालं युरोप. अर्ज खरंच एक असतो. तो इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंचमध्ये चालवतात. मग ते लोक तसलं काही जगात आधी कोणी केलंय का ते शोधतात, मग तुमचा अर्ज सगळ्या जगाला वाचायला खुला करतात, मग तपासणी. पेटंट मिळायच्या आधीपासूनच ते टिकवण्याची वार्षिक फी सुरू होते (मूल जन्मायच्या आत शाळेची फी भरा म्हणतात तसं). सगळं पसंत पडलं तर आपण नक्की कशावर हक्क सांगतो ती वाक्यं उरलेल्या दोन भाषांतही करून द्यायची. आणि पेटंट हातात आलं, की देशोदेशी जाऊन ते मान्य करून घ्यायचं. हल्ली बऱ्याच देशांचं मिळून एक घेता येतं, पण स्पेन त्यात नाही. त्यानंतर नऊ महिने कोणीही उठून हरकत घेऊ शकतो. अक्षयाचं लग्न याहून कमी लोकांच्या संमतीने होईल.

एवढं करून आम्ही निवांत होतो, कारण असलं यंत्र जगात कुठे नव्हतंच. मंगळवारी म्युनिकहून, म्हणजे युरोपच्या पेटंट कचेरीतून, शोधाचा अहवाल आला. मोरिता-सानांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला आणि खूप हळू आवाजात विचारलं, "कौमुदी-सान, ही कोणती लिपी?" ती देवनागरी होती. शुभंकर सोसायटी, ठाणे पश्चिम, रौप्यमहोत्सवी स्मरणिका, पान एकेचाळीस. 'जपानी भूकंपाला ठाणेकर भाचीची वेसण', लेखक माधव गोगटे. शेजारी मांडव डेकोरेटरची जाहिरात, आणि मधोमध तुमच्या हातची आकृती, वाटी, गोटी, पट्टी, बाणांसकट. माझी पाचावर धारण बसली. व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला ते दाखवलं तेव्हा तुम्ही नुसते हं हं करत होतात. मला वाटलं, तुमचं लक्ष क्रिकेटकडे आहे. तुम्ही लेख लिहीत होतात.

आमचा जपानातला अर्ज जायच्या महिनाभर आधी तुमच्या सेक्रेटरींनी स्मरणिका वेबसाइटवर चढवली. जपानात अशा चुकीला वर्षभराची सवलत मागता येते. युरोपात नाही. अर्जाच्या आधी गोष्ट उघड झाली की झाली, मग ती ठाण्यात होवो, मराठीत होवो, आणि कोणी न वाचो. वाचता येण्याजोगी होती एवढं त्यांना पुरतं. म्युनिकच्या माणसाने तर यंत्राकडून भाषांतर करवून खरोखरच वाचली. मामा, तुमचा लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मध्येच येणाऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशनासकट वाचणारा तो पहिला माणूस असेल. आम्ही घरच्यांनी अभिनंदनाचे अंगठे पाठवले होते, वाचला कोणी नव्हता. मी वाचला असता तर ही वेळ आली नसती.

काल आमच्या तिकडच्या वकीलबाईंशी बोलणं झालं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, हे मामा तुमचे वैरी आहेत का? मी सर्द झाले. त्यांचं म्हणणं, कोणी उघड उघड तुमचं वाईट करायला माहिती फोडली असेल तर कायद्यात एक फट आहे. मी म्हटलं, बाई, या माणसाने मला सायकल शिकवली, माझ्या लग्नात भटजींनाही सूचना केल्या, त्याने हे निव्वळ कौतुकापोटी केलंय. त्या म्हणाल्या, कौतुकाला सवलत नाही. शिवाय ती फट युरोपच्या अर्जाआधी सहा महिनेच उघडी असते, आणि आम्ही जपाननंतर तिकडे जायला जवळजवळ वर्ष लावलं. म्हणजे तुम्ही खलनायक असतात तरी फार लवकर आलेले. मला तुमचा राग आला आहे हे स्पष्ट लिहिते. खूप आला आहे. पण वैरी म्हटल्यावर त्या बाईंचाही आला.

बाकी सर्व ठीक. थंडी वाढली आहे. मामींना नमस्कार, आणि कळावे वगैरे तुमच्याच पद्धतीने समजून घ्यावे.

तुमची (अजूनही) भाची,
कौमुदी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं, म्हणजे धीर होत नव्हता. एक वाट उरली आहे. लेख वाचून एखाद्या जाणकाराला ते यंत्र बनवताच येत नसेल, तर तो लेख आड येत नाही. तेव्हा सोबतच्या कागदावर नोटरीपुढे सही करावी, की 'सदर विषय मला कळलेला नव्हता, आणि माझे वर्णन वाचून कोणालाही काहीही बनवता येणार नाही.' तुम्हाला वैरी म्हणवून घेणं याहून सोपं गेलं असतं, हे मी जाणते. पण माझ्या नोकरीसाठी एवढं गिळा. तुमचं लिहिलेलं कोणाला कळत नाही याला आमचं अख्खं घर साक्षीला उभं राहील.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच मामींचा फोटो आला. तुमच्या स्वयंपाकघरातली फळी, खाली झाकलेली वाटी, बरण्यांपुढे उठलेली पट्टी. मामी लिहितात, "ह्यांनी आपलाच लेख समोर ठेवून बनवलं, आणि मेलं मिक्सर लावला की उठतं." मी पुन्हा खुर्चीत बसले. तुम्हाला सगळं कळलं होतं, मामा. इतकी वर्षं आम्ही हसलो आणि तुम्हाला सगळं कळत होतं. कागद फाडला आहे. खोटं लिहून मागणारी भाची मी नाही (आणि मामींनी तो फोटो चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकला आहे, हेही एक आहेच). युरोप गेलं ते गेलं.

ता. क. शेवटचा. आमची पट्टी जोराचा धक्का बसल्याशिवाय उठत नाही. मोरिता-सान वर्षभर त्यापुढे हात टेकून बसलेत. तुमची मिक्सरला उठते. फोटोत वाटीवर झाकण आहे, आतलं कोणाला दिसत नाही, देवाची कृपा. त्या झाकणाखाली काय केलंत ते लिहा. सुधारणेचा नवा अर्ज करता येतो, पहिलं नाव तुमचं घालू. पण मला लिहा. फक्त मला. मामींनासुद्धा नको.