शेवटच्या रकान्यात ‘नाही’

९ जुलै २०२०, गुरुवार

पोचले एकदाची. माले गावाच्या पुढं, धरणाच्या पाण्याला लागून अण्णासाहेबांचं हे रिसॉर्ट. एका ओळीत नऊ खोल्या, समोर लांबच लांब व्हरांडा, त्याला लोखंडी जाळी आणि जाळीला एकच दार. चार महिने इथं कुणी केरसुणी फिरवलेली नाही. हिंजवडीच्या कंपनीतलं आमचं कँटीन मार्चमध्ये बंद पडलं, तेव्हापासून जांबे गावातल्या भाड्याच्या खोलीत बसून माझे हात नुसते शिवशिवत होते. ती खोली सोडली, बोचकं उचललं आणि आले. आता मी मॅनेजर गौतमीबाई. पिंकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे तू आता कुणाला रागावणार? आठ वर्षांची आहे, पण जीभ माझ्यावर गेलीय.

ती वाईला माझ्या आईकडं आहे. मार्चमध्ये चार दिवस म्हणून सोडली आणि जिल्ह्यांच्या सीमाच बंद झाल्या. लेकीला बघून चार महिने होतील. अण्णासाहेबांनी कबूल केलंय, काम मार्गी लागलं की तिचा ई-पास ते स्वतः काढतील, पोरीला इथंच ठेवा म्हणाले, शाळा तशीही मोबाइलवरच आहे. माणूस भला दिसतो. एवढ्यासाठी मी नऊ काय, नव्वद खोल्या झाडीन.

१० जुलै

सरकारनं परवापासून हॉटेलं उघडायला सांगितलीत, पण तेहतीस टक्के. म्हणजे आमच्या नवातल्या तीन. एक, दोन, तीन नंबरात रोग येत नाही, चौथ्यात येतो, असं काहीतरी मुंबईत बसून कुणाच्या तरी लक्षात आलं असणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. एक नंबरात माझा मुक्काम, बाकीच्यांना बाहेरून कड्या. नऊ नंबरच्या कडीला वर तारही गुंडाळलेली आहे.

रोज सकाळी जाळीच्या दारात फॉर्म भरून द्यायचा. ताप, खोकला, श्वासाचा त्रास, सगळं छापील. शेवटचा रकाना मात्र अण्णासाहेबांनी पेनानं आखलाय: घरात काही जाणवलं का? मी विचारलं, उंदीर धरायचे का यात? ते हसले नाहीत. म्हणाले, खरं तेच लिहा, एकवीस दिवस ‘नाही’ आलं की पुढचा टप्पा, मग मुलीला आणू. आणि ‘हो’ आलं तर मोजणी पहिल्यापासून. मी ‘नाही’ लिहून सही ठोकली.

स्वयंपाकाला रंभाबाई आहेत, वरच्या वाडीवरच्या. चूल बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ताट जाळीच्या दारातून आत सरकवतात, पण उंबरा ओलांडत नाहीत. सरकार एवढं उघडतंय, तुम्ही कधी आत येणार, म्हणून चिडवलं तर म्हणाल्या, “आमचा लंबर लई मागं हाय, बाई.”

१४ जुलै

पुणं कालपासून पुन्हा बंद. म्हणजे पाहुणे येत नाहीत. मी पडदे धुतले, गाद्या बडवल्या, आणि कुणाला रागवावं ते कळेना म्हणून गाद्यांनाच रागावले.

दुपारी जेवून लवंडले होते तर नऊ नंबरात पलंग करकरला. कुणीतरी कूस बदलावी तसा. जाऊन बघितलं तर कडीची तार खाली पडलेली आणि कडी निघालेली. आत चादर चुरगळलेली, उशीला डोक्याएवढा खड्डा. मी मोठ्यानं, कोण आहे रे, म्हणून ओरडले. कुणी नव्हतं. माकड असेल म्हणून कडी घातली, तार गुंडाळली.

माकड उशीवर डोकं ठेवून झोपत नाही, हे मलाही कळतं. पण चार दिवस पुरे झालेत. ते पुसून पहिल्यापासून मोजायचे?

१७ जुलै

आज आठ नंबरची कडी निघालेली. तिथला पलंग वापरलेला आणि नऊमधली चादर नीट ओढून घेतलेली. चांगल्या वळणाचा माणूस खोली सोडताना ओढतो तशी.

तहान फार लागतेय. काल रंभाबाईंकडून दोन कळश्या मागवल्या. पोट डब्ब झालं, घसा तसाच. हवा बदलली की होतं असं.

फॉर्मवर ‘नाही’. सही केली.

२० जुलै

आज रंभाबाईंना जाळीशी बसवलं आणि काय ते बोला म्हटलं. बोलल्या.

अण्णासाहेबांचा धाकटा भाऊ भिवाजी मे महिन्यात मुंबईहून आला, अंगात ताप घेऊन. गावात नको म्हणून त्याला इथं नऊ नंबरात ठेवला. तो भीतीनं घराकडं पळत येईल म्हणून बाहेरून कडी घातली. दोन दिवस खिडकीतून ताट गेलं. मग देणाऱ्यालाच खोकला झाला आणि जायला कुणी धजेना. टाकी कोरडी पडली होती. मोटारीचं बटण व्हरांड्यात, पण ते दाबायला कुणी आत गेलं नाही. पाचव्या दिवशी दार उघडलं. समोर एवढं धरण पसरलेलं, आणि तो माणूस पाण्यावाचून गेला. “दारावर नखं उटली हुती, बाई. आमी समद्यांनी बघितली,” म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. प्लेगाच्या साली गाव माळावर झोपड्या टाकून राहिलं होतं. परत घरात शिरताना आधी कोंबडी सोडायची, मग बकरी, मग परकं माणूस. तीच रीत इथं धरलीय. कोंबडी दोन दिवसांत गेली. बकरी चार दिवस टिकली. पाण्यानं भरलेल्या घमेल्याशेजारी जीभ बाहेर काढून पडली होती.

म्हणजे मी बकरीनंतरची. या माणसांनी मला दाणे टाकून आत बोलावलं आणि मी झाडू घेऊन नाचत आले.

बोचकं बांधलं. मग सोडलं. जाऊ कुठं? जांब्याची खोली गेली, वाईला जायला पास नाही. भुताला पास लागत नाही, मला लागतो. अकरा दिवस झालेत, दहा राहिले. लेक एकदा हातात आली की त्याच पासावर त्याच गाडीनं तिला घेऊन निघेन, मग बसा म्हणावं आपली रीत घेऊन.

‘नाही’.

२३ जुलै

सहा नंबर.

सरकार उघडतंय तसाच हाही उघडतोय. टप्प्याटप्प्यानं. मी कड्या घालते, तो एक सोडून पुढं येतो. दिवसाढवळ्या, दुपारच्या वेळी. रात्री तो झोपत असावा.

पिंकीचा फोन आला. माझा आवाज ऐकून विचारलं, कोण बोलतंय? घसा बसलाय म्हटलं. पुन्हा बोल म्हणाली. पुन्हा बोलले. आई, हा तुझा आवाज नाही म्हणून हसली. मला हसता आलं नाही.

‘नाही’ लिहिलं.

२६ जुलै

चार. बादलीत तोंड घालून पाणी प्यायले. ओठ ओले होतात, आत काही जात नाही. आरशात जीभ बघितली, बघायला नको होती.

फॉर्म देताना अण्णासाहेबांनी तोंडाकडं निरखून बघितलं. मी मास्क वर ओढला. म्हणाले, छान, चारच राहिले.

२८ जुलै

दोन नंबर. माझ्या उशीच्या भिंतीपलीकडं. भिंतीवर नखं —

आवाज पार गेलाय. रंभाबाईंशी खुणांनी बोलते. घसा, म्हणून दाखवते.

पिंकी, दोनच दिवस.

३० जुलै, सकाळ

एकविसावा. ‘नाही’. सही.

अण्णासाहेबांनी मला पास दाखवला. पिंकीचं नाव, फोटो, दोन वेण्या. त्यांनी आईला कालच फोन करून ठेवलाय. ते स्वतः गावातल्या शंभूच्या जीपनं वाईला गेले. जीप वळणाआड गेली तेव्हा मी खाली बसून रडले. डोळ्यांतून काही आलं नाही.

३० जुलै, साडेदहा

देवा, काय करून बसले मी.

रंभाबाई चहा घेऊन आल्या. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा. म्हणाल्या, “आता लेकराची एक रात झाली की समदे आत याया मोकळे.” मी खुणेनं विचारलं, कसलं लेकरू? त्यांना वाटत होतं मला ठाऊक आहे. कोंबडी, बकरी, परकं माणूस, मग लेकरू. एक रात्र, एकट्यानं, नऊ नंबरात. मगच घरचे.

फॉर्मच्या मागं मी सगळं लिहून दिलं. नऊ, आठ, सहा, चार, दोन, तहान, सगळं. त्यांना वाचता येत नाही. मग तोंड उघडून जीभच दाखवली.

त्यांच्या हातातला कप पडला. बकरीची पाहिली होती त्यांनी. “मंग रोज न्हाई का लिवलंस गं?” एवढंच म्हणाल्या.

आणि रडत रडत जाळीच्या दाराला बाहेरून कडी घातली. जीप फाटकातच अडवते म्हणाल्या, शप्पथ घेतली. पण मला बाहेर नाही काढलं.

दुपार

पावसानं फोनची रेंज गेलीय. जाळी हलत नाही.

खोलीत आले वहीची पानं घ्यायला. मागं दार लागलं. बाहेरून. कडीचा आवाज मी ओळखते —

सव्वातीन

जीप.

खिडकीतून फाटक दिसतंय. रंभाबाई जीपच्या आडव्या आल्यात, हात जोडतायत. अण्णासाहेब त्यांना कागद दाखवतायत. एकेक उलटून. माझे फॉर्म. माझ्या सह्या.

पिंकी उतरली. उंच झालीय.

काच ठोकतेय, पावसात ऐकू जात नाही. आवाज नाही. एक शब्द नाही —

ती जाळीकडं बघून हसतेय. व्हरांड्यातून कुणी हाक मारली. पिंके, ये गं. माझाच आवाज. पहिला, चांगला.

अण्णासाहेब कडी काढतायत.

हे पान काचेला लावते. मोठं लिहिते. वाच, बाळा, इकडं बघ, खिडकीकडं —

पिंकी ती मी नाही

पिंकी ती मी ना